इंजिन चार बोटं मागे गेलं तर?

मागच्या अंकात हिमवाहनांवरच्या लेखात आम्ही लिहिलं होतं की स्नोमोबाइलचं (पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचं) इंजिन चार बोटं मागे सरकवायचं तर बाकीची गाडी नव्यानं आखावी लागते. काही वाचकांना ही अतिशयोक्ती वाटली, काहींनी आपापल्या गाडीची गाऱ्हाणी पाठवली. निवडक पत्रं इथे घेतली आहेत. ‘ट्रॅक’ म्हणजे खालचा दातेरी रबरी पट्टा आणि ‘बेल्ट’ म्हणजे दोन क्लचमधला (उघडझाप होणाऱ्या दोन पुल्यांमधला) पट्टा, हा भेद सगळीकडे पाळला आहे.

‘आमच्या कॉलेजची बाहा एसएई इंडिया या विद्यार्थी-स्पर्धेसाठीची बग्गी आहे. तिचं इंजिन आणि सीव्हीटी (बेल्टवर आपोआप बदलणारा गिअर) चालकाच्या मागे आहे, कारण चालना देणाऱ्या चाकांवर वजन हवं. स्नोमोबाइलचा ट्रॅकही मागेच असतो. मग तिचं इंजिन नाकात का?’ (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

बग्गीची चाकं वळायला विरोध करत नाहीत, ट्रॅक करतो. सगळी मेख इथे आहे.

रणगाड्याला दोन ट्रॅक असतात. एक हळू, एक जोरात फिरवला की तो वळतो. स्नोमोबाइलला ट्रॅक एकच असतो, साधारण 38 सेंटिमीटर रुंद आणि बर्फाला टेकलेला भाग सव्वा मीटरच्या आसपास. एवढी लांब पट्टी बर्फात दात रोवून बसली की तिला फक्त सरळ जायचं असतं. तिला तिरकं फिरवायचं काम पुढच्या दोन स्कींना करावं लागतं.

ढोबळ हिशेब करू. ट्रॅकवर 210 किलो भार, टेकलेली लांबी 1.2 मीटर, आडव्या घसरणीचा घर्षणांक 0.5 धरा. पट्टी जागच्या जागी पिळायला 210 × 0.5 × 1.2 ÷ 4, म्हणजे सुमारे 31 किलोग्रॅम-मीटर इतकं बल-आघूर्ण (टॉर्क) लागतं. स्की ट्रॅकच्या मध्यापासून 1.4 मीटर पुढे आहेत असं धरलं, तर नुसता ट्रॅक पिळण्यासाठीच स्कींनी 22 किलो आडवा जोर लावला पाहिजे. गाडीला वळणात धरून ठेवण्याचा जोर निराळाच. प्रत्यक्षात ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या आतल्या पट्ट्यांना थोडा बाक असतो, चालक कलतो, त्यामुळे आकडा कमी होतो; पण मुद्दा बदलत नाही. स्कीखालची कार्बाइडची धार बर्फात रुतायला वरून वजन हवं. ते नसेल तर हँडल फिरतं आणि गाडी सरळच जाते.

त्यात पुन्हा वेग घेताना भार मागे पळतो. गाडी आणि चालक मिळून 310 किलो, गुरुत्वमध्य बर्फापासून 60 सेंटिमीटर वर, आणि वेगवाढ अर्धा जी (गुरुत्वत्वरणाच्या निम्मी). मागे सरकणारा भार 310 × 0.5 × 0.6 ÷ 1.4, म्हणजे 66 किलो. उभ्या गाडीत दोन्ही स्कींवर मिळून 100 किलो असतील तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच 34 उरतात. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाल होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. मागे इंजिन असलेली एक-ट्रॅकी स्नोमोबाइल उभी असतानाच निम्मी उलाल असते.

मागे इंजिन लावून पाहिलंच नाही असं मात्र नाही. विस्कॉन्सिनमधल्या सेनरच्या कार्ल एलिअसन यांच्या 1924 च्या मोटर-टोबोगनला बोटीच्या इंजिनातून घेतलेलं अडीच अश्वशक्तीचं इंजिन पुढे होतं. पण मिनेसोटात रोझो इथे तयार झालेल्या पोलॅरिस कंपनीच्या सुरुवातीच्या स्नो-ट्रॅव्हलर गाड्यांचं इंजिन मागे असे. फायदे खरेच होते : ट्रॅकवर वजन आणि धूर-आवाज पाठीमागे. 1960 मध्ये पोलॅरिसचे एक संस्थापक एडगर हेटीन यांनी अलास्कात बेथेल ते फेअरबँक्स असा सुमारे 1,900 किलोमीटरचा प्रवास याच गाड्यांवर केला. मंद वेगात, लांबच लांब सरळ वाटेवर, मागे ओझं ओढायला ती रचना चालून गेली. क्वेबेकमधल्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांनी 1959 मध्ये बाजारात आणलेल्या स्की-डूचं इंजिन पुढे होतं, गाडी हलकी होती आणि ती झाडांमधून वळत असे. साठच्या दशकाच्या मध्यावर पोलॅरिसनंही इंजिन पुढे आणलं.

त्याच बोम्बार्डिएंच्या बारा माणसांच्या बी-12 या बंद गाडीत व्ही-8 इंजिन मागे होतं आणि ती गाडी उत्तम चालली. कारण प्रवासी पुढे बसत. इंजिन कुठे हे एकटं विचारून उपयोग नसतो, माणूस कुठे हेही त्याच दमात विचारावं लागतं.

‘मी वाहन उद्योगात आहे. 45 किलोचं इंजिन आठ सेंटिमीटर सरकवून हाताळणीत जाणवण्याजोगा फरक पडेल हे पटत नाही. आणि पडत असेल तर ते आधीच मागे का नेलं नाही?’ (नाशिक)

भारापुरते तुम्ही बरोबर आहात. इंजिन आठ सेंटिमीटर मागे नेलं तर वरच्याच मापांनी स्कींवरून 45 × 0.08 ÷ 1.4, म्हणजे जेमतेम अडीच किलो उतरतात. पूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य हलतो सव्वा सेंटिमीटरभर. पण वळणाची चपळाई ठरते ती उभ्या अक्षाभोवतीच्या जडत्वावर, आणि तिथे अंतराचा वर्ग येतो. इंजिन गुरुत्वमध्याच्या 70 सेंटिमीटर पुढे असेल तर त्याचा वाटा 45 × 0.49, म्हणजे 22 किलो-वर्गमीटर. 62 सेंटिमीटरवर तोच 17 होतो. अंतर 11 टक्के घटलं, जडत्वातला वाटा 22 टक्के. डावं वळण संपून लगेच उजवं आलं की हा फरक मनगटांना कळतो.

आता चालक बघा. तो 80 किलोचा, म्हणजे इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. त्याला 30 सेंटिमीटर पुढे बसवलं तर स्कींवर 17 किलो वाढतात. इंजिन मागे नेऊन गेलेले अडीच किलो त्यात सहज भरून निघतात आणि वर चौदा उरतात. चालक पुढे आणि इंजिन मागे, अशी ही अदलाबदल आहे. तिची एकच बाजू करून भागत नाही.

स्की-डूनं 2003 च्या मॉडेलवर्षात ‘रेव्ह’ ही चासी आणली ती याच हिशेबावर. त्याआधीच्या गाड्यांत चालक सोफ्यावर बसावा तसा मागे रेलून, पाय पुढे पसरून बसे. पुढून मागे इंजिन, टाकी, मग माणूस अशी रांग असायची. रेव्हमध्ये गुडघे दुमडले, पावलं बुडाखाली आली, टाकी अरुंद होऊन गुडघ्यांमध्ये उभी राहिली. माणूस आणि इंजिन दोघे एकमेकांकडे, मध्याकडे सरकले. चालक सहज उभा राहू शकतो हा फायदा तर खडबडीत वाटेवर त्याहून मोठा. योगायोग असा की त्याच मॉडेलवर्षी यामाहानं आर-1 मोटरसायकलच्या इंजिनावर बेतलेलं 998 सीसीचं चार-सिलिंडर, फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन आरएक्स-1 काढली. इंजिन म्हणून देखणं काम, पण नाकावर वजन. पुढच्या वीस वर्षांत जवळपास सगळ्यांनी बैठक पुढे आणली, यामाहानंसुद्धा. आणि 2011 च्या अ‍ॅपेक्स या गाडीला तिनं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग दिलं.

आधी का नाही नेलं? कारण इंजिनाच्या मागे मोकळी जागा नसते, ट्रॅकचं तोंड असतं. ट्रॅक पुढच्या ड्राइव्हशाफ्टवरून वळतो आणि त्याच्या वरच्या बाजूला जॅकशाफ्ट हा मधला आडवा दांडा बसतो. शक्तीचा रस्ता असा : क्रँकच्या डाव्या टोकाला पुढचा क्लच, बेल्ट, जॅकशाफ्टच्या डाव्या टोकाला मागचा क्लच, जॅकशाफ्ट आडवा उजवीकडे, तिथे चेनकेस, चेननं खाली ड्राइव्हशाफ्ट, आणि त्यावरचे दाते ट्रॅक फिरवतात. पुढचा क्लच साधारण 20 सेंटिमीटर व्यासाचा, मागचा 27 च्या घरात. दोन्ही एकमेकांना न लागता पूर्ण उघडझाप करायची तर केंद्रांतलं अंतर 25 ते 30 सेंटिमीटरच्या खाली नेता येत नाही. इंजिन मागे न्या, की जॅकशाफ्टही मागे न्यावा लागतो, आणि मागे जागा नसेल तर वर. मागचा क्लच मग चालकाच्या डाव्या गुडघ्याशी येतो आणि गाडी तिथे रुंद होते.

म्हणजे इंजिन मागे नेता येतं किंवा खाली नेता येतं. दोन्ही एकदम करायचं तर ट्रॅक आडवा येतो. यातून सुटायला आखणारे सिलिंडर तिरके करतात. मागे झुकवलं की वजन मध्याकडे येतं, पण टू-स्ट्रोकमध्ये हवा मागून येते, त्यामुळे हवापेटी आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच जागेवर हक्क सांगतात. दांडा मग इंजिनाच्या वरून वळवून, सांध्यांनी जोडून न्यावा लागतो. सांधे झिजले की हँडलला ढिलाई. कार्ब्युरेटरच्या काळात फ्लोट-बाउल (त्यातली इंधनाची वाटी) जवळजवळ आडवाच ठेवणं भाग होतं, त्यामुळे झुकवायलाही मर्यादा होती. इंधन इंजेक्शननं ती सोडवली. पुढे मोकळ्या झालेल्या जागेत टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप नीट बसतो, हा मात्र फुकटचा लाभ. फोर-स्ट्रोकमध्ये आरएक्स-1 नं उलटं केलं : हवा पुढून आणि एक्झॉस्ट सीटखालून मागे. त्या नळीचं वजन तरी मागे गेलं, पण सीटखाली उष्णता आली.

डावी-उजवी बाजूही विसरू नका. दोन्ही क्लच डावीकडे, म्हणून सायलेन्सर, चेनकेस आणि बहुधा ऑइलची टाकी उजवीकडे ढकलतात. सायलेन्सर बदलून चार-पाच किलोंनी हलका बसवला की काहींना गाडी डावीकडे जड वाटू लागते, ते भास नसतात.

‘गुलमर्गला स्नो स्कूटर घेतली. मी पुढे, यजमान मागे. वळणावर हँडल पूर्ण फिरवूनही गाडी सरळ कडेच्या बर्फात गेली. चालवणाऱ्या मुलानं नंतर यांना उतरवून एकटीला दिली तर छान वळली. असं का?’ (ठाणे)

गाडी उलाल झाली होती. मागे बसलेली व्यक्ती ट्रॅकच्या आधारबिंदूच्याही, म्हणजे त्याच्या टेकलेल्या भागाच्या मध्याच्याही, मागे बसते. 70 किलोंचे यजमान त्या बिंदूच्या 35 सेंटिमीटर मागे असतील तर स्कींवरून 17 किलो उचलले जातात. त्यात तुम्ही वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला असेल. दोघांसह 380 किलोंना साधी 0.3 जी वेगवाढ दिली तरी आणखी 49 किलो मागे जातात. शंभरातले चौतीस उरले, तेवढ्यात स्की रुतत नाहीत, नुसत्या पोहतात.

पुढच्या वेळी वळणाच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडीचं नाक बसू द्या, मग हँडल फिरवा आणि अर्ध्या वळणानंतर हलका दाब द्या. मागच्यानं पाठीमागच्या दांडीला टेकून बसू नये, पुढच्याला चिकटून बसावं. दहा-पंधरा सेंटिमीटरही मोजण्याजोगे ठरतात. दोघांनीही वळणाच्या आतल्या बाजूला कलायचं. एकानं आत आणि घाबरून दुसऱ्यानं बाहेर, असं झालं तर बेरीज शून्य होते.

दोन माणसांसाठी बनवलेल्या गाड्यांचा ट्रॅक म्हणूनच लांब असतो, 348 सेंटिमीटर किंवा जास्त (हे पूर्ण घेराचं माप), म्हणजे आधारबिंदू मागे जातो आणि मागचा माणूस त्याच्या वर येतो. एकट्यासाठीच्या आखूड ट्रॅकच्या गाडीवर दोघांना बसवणं हा भाड्याच्या धंद्यातला सर्रास प्रकार आहे. सीटची लांबी बघून ते ओळखता येतं.

‘वापरलेली फोर-स्ट्रोक टूरिंग गाडी घेतली. हँडल इतकं जड की दोन तासांत खांदे भरून येतात. शिवाय सरळ वाटेवर नाक डावीकडे-उजवीकडे हिसके मारतं. पुढे वजन जास्त म्हणून पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या तर त्रास वाढला.’ (मिनिआपोलिस)

वाढणारच. स्कीच्या स्प्रिंगा कडक करणं म्हणजे नाक वर उचलून स्कींवर आणखी भार घेणं. ही चूक इतके जण करतात की आधी तीच उलटी फिरवा : दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सारख्या मापानं, एकेक फेरा सैल करत मूळ जागी आणा.

तुमच्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत. जड हँडल भारामुळे होतं, हिसके बहुतेकदा स्कीमुळे. हिसक्यांपासून सुरुवात करा, कारण ते स्वस्त आहे. नाक स्टँडवर उचला, स्की धरून आडव्या हलवा. खटखट आली तर बुश किंवा बॉल-जॉइंट गेले. मग गाडी खाली ठेवा, हँडल सरळ बांधा, अडीच-तीन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनिअमची नळी ट्रॅकच्या कडेला लावून पुढे स्कीपर्यंत न्या. स्कीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी नळीपासूनचं अंतर मोजा. दोन्ही स्की मिळून पुढच्या बाजूला 3 ते 6 मिलिमीटर बाहेर उघडलेल्या हव्यात. आत वळलेल्या असतील तर गाडी हिसके मारणारच. कार्बाइडची धार बोटानं नाही, पट्टीनं बघा : गोल झाली असेल किंवा मधोमध खोलगट झिजली असेल तर बदला. दुसऱ्यांच्या स्कींनी पाडलेल्या चऱ्यांत तुमची स्की अडकते तेव्हाही हिसके येतात. त्याला एका स्कीखाली दोन समांतर कार्बाइड, हा चांगला इलाज आहे. वजनदार गाडीला कार्बाइडची धारदार लांबी 10 ते 15 सेंटिमीटर पुरते. मागच्या मालकानं 20-25 ची घातली असेल तर जडपणाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मात्र ट्रॅकला खिळे मारलेले असतील तर फार आखूड कार्बाइड नको, नाहीतर मागची पकड पुढच्यापेक्षा वरचढ होऊन गाडी सरळ पळेल.

आता भार. स्नोमोबाइलमध्ये एक गंमत आहे. इंजिन हलवता आलं नाही तरी आधारबिंदू हलवता येतो. ट्रॅकच्या आत दोन शॉक असतात. पुढचा शॉक आतल्या पट्ट्यांचं पुढचं टोक बर्फावर दाबतो. त्याची स्प्रिंग कडक केली की गाडी तिथे टेकते, आधारबिंदू पुढे येतो आणि स्कींवरचा भार उतरतो. तुमच्या नाकजड गाडीचा खरा उपाय हाच.

क्रम असा ठेवा. टाकी अर्धी भरा : 40 लिटर पेट्रोल म्हणजे 30 किलो, आणि टाकी इंजिनाच्या लगेच मागे असेल तर त्यातले दहा-अकरा किलो स्कींवर जातात, म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या टाकीवर दोन वेगळ्या गाड्या वाटतात. ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे करा. मागचा बंपर उचलून शॉक पूर्ण उघडल्यावरची उंची घ्या, मग थंडीचे सगळे कपडे, बूट, हेल्मेट घालून बसा आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी गाडी बसायला हवी. त्याहून कमी बसत असेल तर मागच्या स्प्रिंगा तुमच्या वजनाला कडक आहेत, शेपूट वर आणि नाक खाली अशी स्थिती आहे. त्या एक पायरी सैल करा. यानंतर आतल्या पुढच्या शॉकची स्प्रिंग दोन फेरे कडक. तरीही जड वाटलं तर लिमिटर स्ट्रॅप एक भोक लांब करा. हा स्ट्रॅप आतल्या पट्ट्यांचं पुढचं टोक किती खाली येऊ शकतं ते ठरवतो. लांब केला की वेग घेताना नाक जास्त उचलतं.

प्रत्येक वेळी एकच बदल, आणि तेच वळण दोनदा. दोन बदल एकदम केले तर कशानं गुण आला ते कळत नाही. हँडल हलकं होता होता गाडी वळणात बाहेर जाऊ लागली, की एक पायरी मागे या.

एक गोष्ट सेटिंगनं जाणार नाही. फोर-स्ट्रोकला इंजिन-ब्रेक जोरदार असतो. वळणाच्या मध्यात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलात तर ट्रॅक मागे खेचतो, भार धाडकन स्कींवर येतो आणि हँडल दगड होतं. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलका उघडा ठेवा. मागच्या कॅरिअरवर 20 किलोंची बॅग ठेवलीत तर स्कींवरून आठेक किलो उतरतात. तुम्हाला ती सोय वाटेल, पण ते वजन गुरुत्वमध्यापासून सगळ्यात लांब आहे. हलकं हँडल आणि आळशी शेपूट, असा तो सौदा असतो.

‘एका हंगामात तीन बेल्ट गेले. क्लच साफ केले, महागडा बेल्ट घातला. दुकानदार म्हणतो माझं चालवणं वाईट आहे.’ (ओंटारिओ)

क्लच बघितलेत, पण ते ज्यावर बसलेत ते इंजिन जागेवर आहे का? इंजिन रबरी माउंटवर तरंगतं. बेल्ट ताणला जातो तेव्हा तो इंजिनाचा डावा कोपरा मागे ओढतो. माउंट मऊ पडले असतील तर जोर लावताच केंद्रांतलं अंतर घटतं आणि दोन्ही क्लच एका रेषेत राहत नाहीत. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर सगळं बरोबर दिसतं, बर्फात बिघडतं.

बेल्टचे तुकडे बघा. एकाच कडेला चकाकी आणि धागे सुटलेले असतील तर रेषा चुकली आहे. एकाच ठिकाणी कमरेसारखा बारीक झिजून जळलेला असेल तर ट्रॅक गोठलेला असताना किंवा गाडी रुतलेली असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला. तिथे दुकानदार बरोबर. सगळीकडे काळी भुकटी असेल तर घसरण आणि उष्णता.

तपासणी अशी करा. बेल्ट काढा. पुढच्या क्लचला दोन्ही हातांनी धरून मागे ओढा. इंजिन काही मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर माउंटच्या रबराला चिरा शोधा, विशेषतः डाव्या-पुढच्या बाजूला, जिथे तेल आणि उष्णता दोन्ही असतात. बऱ्याच गाड्यांत इंजिनाला मागे जाण्यापासून अडवणारा टेकू असतो. तो इंजिनाला नुसता भिडायला हवा. फट असेल तर उपयोग नाही, आवळून दाबला तर कंप चासीत शिरतो. मग कंपनीची संरेखन-पट्टी मागच्या क्लचमध्ये बसवून पुढच्या क्लचशी ऑफसेट (दोघांच्या रेषेतला आडवा फरक) मोजा. काही कंपन्या मुद्दाम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तिरपा फरक ठेवायला सांगतात, कारण जोर आल्यावर इंजिन वळून तो भरून निघतो. तो फरक चूक समजून ‘सरळ’ करू नका. माउंट बदलल्यावर हे माप पुन्हा घ्यायचंच.

नवा बेल्ट घातल्यावर पहिले 80 किलोमीटर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नको. बॉनेटच्या हवेच्या जाळ्या भुसभुशीत बर्फानं बुजल्या असतील तर तेही बघा. एक्झॉस्ट पाइप आणि क्लच एकाच बंद पेटीत असतात, हवा फिरली नाही तर उत्तम बेल्टही शिजतो.

‘गुरुत्वमध्य जितका खाली तितकं चांगलं, मग डोंगरातल्या गाड्या मुद्दाम उंच का?’ (बंगळुरू)

कारण त्यांना कलायचं असतं. ट्रेलवरच्या गाडीत स्कींमधलं अंतर 107-109 सेंटिमीटर, डोंगरातल्या गाडीत 91 च्या आसपास. उतारावर आडवं जाताना चालक एका स्कीवर गाडी तोलून धरतो. गुरुत्वमध्य फार खाली असला तर ती पुन्हा सपाट बसू पाहते. शिवाय इंजिन खाली नेलं की पोटही खाली येतं, आणि कंबरभर बर्फात पोट घासलं की ट्रॅकची सगळी मेहनत पुढचा बर्फ ढकलण्यात जाते. तिथे खाली नको, मध्यात हवं.

‘मिशिगनमध्ये शिकतो. हॉटन इथल्या एसएई क्लीन स्नोमोबाइल चॅलेंज या विद्यार्थी-स्पर्धेसाठी आमचा गट इलेक्ट्रिक गाडी करतो आहे. बॅटरी कुठे ठेवावी यावर भांडणं चालू आहेत.’ (विद्यार्थी)

मोटर हलकी असते, ती विसरा. वजन बॅटरीत आहे. सीटखाली ठेवली तर तारा-नळ्या सोप्या होतात, पण माणूस आणखी वर आणि भार ट्रॅकवर. नाकात ठेवली तर फोर-स्ट्रोकचीच तक्रार नव्यानं. पाइप, हवापेटी आणि टाकी तिघंही गेल्यामुळे ड्राइव्हशाफ्टच्या लगेच पुढे आणि वर जो मोठा पोकळ भाग उरतो, तिथे बसेल तितकी बसवा. मोटर चेननं किंवा दातेरी पट्ट्यानं थेट ड्राइव्हशाफ्टला जोडलीत तर क्लचमधल्या अंतराचं जुनं बंधनही सुटतं. बॅटरी दोन भागांत विभागायची झाली तर छोटा भाग मागे ठेवा, पण ट्रॅकच्या मध्याच्या पुढेच.

भांडणाआधी वजन करा. मूळ गाडीच्या प्रत्येक स्कीखाली एकेक वजनकाटा आणि ट्रॅकच्या मध्याखाली आडवी फळी टाकून तिच्याखाली एक, सगळे एका पातळीत. चालक पूर्ण पोशाखात, नेहमीच्या बैठकीत. तीन आकडे टाकी भरलेली असताना, तीन रिकामी असताना. मग इंजिन, पाइप, क्लच, टाकी एकेक काढताना प्रत्येकाचं वजन आणि स्कीच्या खुंटीपासूनचं आडवं अंतर वहीत लिहा. बॅटरीचा एक किलोही बसवण्यापूर्वी तो तक्ता पूर्ण झालेला असू द्या.